अंध उमेदवाराला बेळगावातच नोकरी का मिळू नये?

कर्नाटक-महाराष्ट्र सीमाभागातल्या अंध मुलाची किंवा मुलीची बारावी झाली, पदवी झाली की घरात नोकरीचा विषय निघतो आणि सल्ल्यांना सुरुवात होते. कुणी म्हणतं बंगळूरला पाठवा, तिथं अंधांसाठी संस्था आहेत, कॉम्प्युटर शिकवतात, कंपन्या कामावर घेतात. कुणी म्हणतं पुण्या-मुंबईला पाठवा, निदान भाषेची तरी अडचण येणार नाही. दोन्ही सल्ले आपुलकीचे असतात, दोन्हींत तथ्यही असतं. पण "इथंच राहू दे, बेळगावात, खानापुरात, निपाणीत काहीतरी मिळेल" असं म्हणणारं कुणी भेटत नाही. म्हणावं तरी कशाच्या जोरावर? तशी सोयच आपण इथं उभी केलेली नाही. माझं म्हणणं असं की ती उभी करता येते. तिचा मोठा भाग ना बंगळूरच्या हातात आहे, ना मुंबईच्या. तो आपल्या इथल्या मराठी संस्थांच्या आणि कारखानदारांच्या हातात आहे.

बाहेर जाऊन मोठं झालेल्यांचं मोल कमी नाही. 1997 साली बंगळूरला 'समर्थनम' ट्रस्ट उभा करणारे महांतेश जी. के. स्वतः दृष्टिहीन आणि मूळचे बेळगाव जिल्ह्यातले. त्यांच्या संस्थेने कितीतरी अंध तरुणांना कामाला लावलं. पण प्रत्येकाला घर सोडून जाणं जमत नाही, आणि ज्याला जमत नाही त्याने घरात बसून राहावं हे मला मान्य नाही. डोळस माणूस नव्या शहरात चार दिवसांत रुळतो. अंध माणसाला स्टॉपपासून ऑफिसपर्यंतची प्रत्येक उघडी गटार, प्रत्येक खांब, रस्त्यावर मांडलेली प्रत्येक हातगाडी काठीने ओळखून घ्यावी लागते. गावात त्याने ही ओळख लहानपणापासून कमावलेली असते. शिवाय खोलीभाडं, खानावळ, आजारपणात जवळचं माणूस हे सगळं आलंच. मुलींच्या बाबतीत तर बहुतेक घरी हा विषय दारातच संपतो. 2011 च्या जनगणनेत सर्व प्रकारच्या अपंग व्यक्ती मिळून काम करणाऱ्यांचं प्रमाण 36 टक्के होतं. पुरुषांत ते 47 आणि स्त्रियांत अवघं 23. खानापूरची मुलगी 2023 पासून कर्नाटकच्या साध्या सरकारी बसने बेळगावला फुकट येऊ शकते. येण्याजाण्याचा खर्च शून्य झाला. पण बेळगावात उतरून तिने जायचं कुठे?

कायदा तिच्या बाजूने आहे, हे आधी नीट समजून घेतलं पाहिजे. 1995 च्या कायद्याने सरकारी नोकऱ्यांत अपंगांना 3 टक्के जागा ठेवल्या, त्यातला 1 टक्का अंध आणि अल्पदृष्टी उमेदवारांसाठी. 2016 च्या कायद्याने 3 चे 4 टक्के केले, अंधांचा 1 टक्का कायम ठेवला. 2013 मध्ये सुप्रीम कोर्टाने या टक्केवारीचा हिशेब कसा करायचा हेही सांगून टाकलं: अंधांसाठी निवडून काढलेल्या मोजक्या पदांवर नव्हे, संवर्गातल्या एकूण रिक्त पदांवर. मार्च 2025 मध्ये त्याच कोर्टाने निकाल दिला की केवळ दृष्टी नाही म्हणून कुणालाही न्यायाधीशपदाच्या भरतीतून वगळता येणार नाही. साक्षीपुरावे ऐकून, कागदपत्रं समजून घेऊन निवाडा देण्याचं काम अंध माणूस करू शकतो, हे देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं आहे. आपल्याकडची एखादी पतसंस्था मात्र अजून विचारते, "पण त्याला काम काय देणार?"

2016 च्या कायद्यात आपल्याकडे ठाऊक नसलेलं आणखी एक कलम आहे. सरकारी किंवा अनुदानित आस्थापनेतल्या माणसाची नजर नोकरीत असताना गेली, तर त्याला काढता येत नाही, खालच्या पदावरही टाकता येत नाही. त्याच वेतनश्रेणीतलं दुसरं काम द्यावं लागतं, आणि तसं पद नसेल तर जादा पद निर्माण करून त्याला ठेवावं लागतं. काचबिंदूने, मधुमेहाने किंवा रातांधळेपणापासून सुरू होणाऱ्या पडद्याच्या आजाराने नजर हळूहळू जात असलेले शिक्षक आणि कारकून ही गोष्ट वर्षानुवर्षं लपवतात आणि एक दिवस स्वतःच राजीनामा लिहून देतात. तो राजीनामा लिहू नका. अनुदानित मराठी शाळांच्या चालकांनीही लक्षात घ्यावं, की अनुदान घेणारी संस्था या कलमातून सुटत नाही.

आता सीमाभागाची खास अडचण. कर्नाटक सरकारची नोकरी म्हटली की कन्नडची परीक्षा आली. बँकेत क्लार्क व्हायचं तरी राज्याची भाषा यावी लागते. मराठी माध्यमात शिकलेल्या मुलाला कन्नड विषय असतो, पण त्या बळावर स्पर्धा परीक्षेचा पेपर निघत नाही. कन्नडच्या सक्तीविरुद्ध आपण भांडतो ते योग्यच आहे. मराठीत परिपत्रकं, मराठीत दाखले हा भाषिक अल्पसंख्याकांचा हक्क आहे आणि तो सोडू नये. पण सक्तीला विरोध करणं वेगळं आणि मुलाला कन्नड येऊ न देणं वेगळं. सीमाभागाबद्दलचा महाराष्ट्राचा दावा 2004 पासून सुप्रीम कोर्टात पडून आहे. त्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल, तोवर अंध मुलाचं वय काही थांबत नाही.

इथं एक गोष्ट सांगितली की बहुतेकांना नवल वाटतं. डोळस मराठी माणसाला कन्नड शिकायची तर आधी लिपी शिकावी लागते. ब्रेल वाचणाऱ्या मुलापुढे ही अडचण जवळजवळ नाहीच. 1951 मध्ये भारतीय भाषांसाठी एकच भारती ब्रेल ठरली, तिच्यात अक्षर ठरतं ते उच्चारावर. क म्हणजे सहा टिंबांतलं पहिलं आणि तिसरं. डाव्या रांगेतलं वरचं आणि खालचं. मराठी पुस्तकात क असाच, कन्नड पुस्तकातही असाच. म ला उजवीकडचं वरचं टिंब जादा, तेही दोन्हीकडे सारखंच. ऱ्हस्व ए, ऱ्हस्व ओ अशी दोन-चार चिन्हं कन्नडसाठी नव्याने शिकायची, की मराठी ब्रेलवर तयार झालेलं बोट कन्नड पान वाचू लागतं. अर्थ कळायला भाषा शिकावी लागेल हे खरं, पण लिपीची भिंत त्याच्यासाठी नाही. ज्या भागात दुकानाच्या पाटीवरच्या अक्षरांवरून दगडफेक झाली, त्या भागातल्या अंध मुलाच्या बोटाखाली दोन्ही भाषा एकाच अक्षरात लिहिलेल्या आहेत. या मुलांना दोन्ही भाषा पक्क्या करून दिल्या तर बेळगावच्या कुठल्याही कचेरीत ती उपयोगी पडतील. आज हे कुणी ठरवून, अभ्यासक्रम आखून करत नाही. एका शाळेत मराठी असते, दुसऱ्या शाळेत कन्नड, आणि कॉम्प्युटरच्या शिकवणीत दोन्ही नसतात. दोन्ही भाषांतलं ब्रेल, दोन्ही भाषांतलं टायपिंग आणि स्क्रीन रीडरवरचं, म्हणजे पडद्यावरचा मजकूर आवाजात वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमवरचं काम एकाच छपराखाली शिकवणारं एक केंद्र बेळगाव शहरात हवं. जागा द्यायला इथल्या मराठी शिक्षणसंस्था समर्थ आहेत. यंत्रांचा खर्चही आता पूर्वीसारखा नाही. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर दोन अंध ऑस्ट्रेलियन तरुणांनी 2006 च्या सुमारास तयार केला आणि तो आजही फुकट मिळतो. त्याच्यासोबतचा आवाज मराठीही वाचतो आणि कन्नडही.

पण वाचायला मजकूर तसा असला तर. माझ्या ओळखीचा खानापूर तालुक्यातला एक पदवीधर भरतीच्या जाहिराती मोबाइलवर ऐकतो. फोनचा आवाज त्याने इतका वेगात लावलेला असतो, की शेजारी बसलेल्याला त्यातला एक शब्द कळत नाही. संदेश, बातमी, बँकेचा मेसेज सगळं झरझर पुढे सरकतं. मग तो भरतीची पीडीएफ उघडतो आणि फोन गप्प होतो. ती पीडीएफ म्हणजे सही-शिक्क्याच्या कागदाचा फोटो, त्यात फोनच्या दृष्टीने एकही अक्षर नाही. दुसरी उघडतो, ती टाइप केलेली असते, पण जुन्या फॉन्टमध्ये. मराठीत श्रीलिपी, कन्नडमध्ये जुनी नुडी. डोळ्यांना ती सुरेख मराठी किंवा कन्नड दिसते, पण कॉम्प्युटरच्या पोटात असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. आवाज ती तशीच वाचू लागतो: एक स्मॉल अक्षर, एक कॅपिटल, एक कंस, पुन्हा एक अक्षर. फोटोतून अक्षरं ओळखणारी अ‍ॅप आली आहेत, त्यांनी सरळ परिच्छेद बऱ्यापैकी निघतो. पण जाहिरातीत महत्त्वाचं असतं ते तक्त्यात: कुठल्या पदाला किती जागा, अंधांसाठी कुठली, शेवटची तारीख कोणती. तक्ता आला की अ‍ॅपचा सगळा गोंधळ उडतो. मग तो कुणाच्या तरी घरी जातो आणि म्हणतो, "जरा वाचून दाखवता का?"

हे सुधारायला पैसा लागत नाही. युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरलाही मराठी-कन्नड अक्षरं म्हणूनच कळतील अशा पद्धतीत टाइप करायचं आणि फाइल छापून, सही करून, पुन्हा स्कॅन करण्याऐवजी मूळ फाइलच टाकायची. जिल्हा पंचायत, महानगरपालिका, नाडकचेरी यांच्याकडे ही मागणी लावून धरलीच पाहिजे. पण आपल्या मराठी संस्थांच्या जाहिराती, अहवाल, वार्षिक सभेच्या सूचना कशा निघतात तेही बघावं. त्याही डीटीपीवाल्याकडून श्रीलिपीतच येतात. ते बदलायला कुणाच्या आदेशाची वाट बघायची?

परीक्षेच्या लेखनिकाचं दुखणं वेगळंच. अंध उमेदवाराला लेखनिक मिळतो, तासाला किमान 20 मिनिटं जादा मिळतात. पण कन्नडचा पेपर लिहायला मराठी गावात कन्नड झरझर लिहिणारा मुलगा शोधायचा कुठे? आयत्या वेळी मिळालेला लेखनिक जोडाक्षरांना अडखळतो आणि उमेदवाराला येत असलेलं उत्तर कागदावर उतरतच नाही. बेळगावच्या महाविद्यालयांनी दोन्ही भाषा लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांची लेखनिक म्हणून नावनोंदणी करून ठेवावी. एनएसएसच्या मुलांना याहून चांगलं काम कोणतं द्याल?

सरकारी जागा मोजक्याच निघणार, म्हणून बाकीचं काम कुठलं हा प्रश्न उरतोच. अंधांचे परंपरेने ठरलेले धंदे आपल्याला तोंडपाठ आहेत: वेताच्या खुर्च्या विणणं, खडू आणि मेणबत्त्या करणं, टेलिफोन ऑपरेटर, गाणं-बजावणं. यातले बरेच काळाने संपवले. एसटीडी-पीसीओचे बूथ अपंगांना मिळत, त्यावर कितीतरी घरं चालली. हातोहाती मोबाइल आले आणि बूथ गेले. त्या माणसांना पुढे दुसरं काय द्यायचं याचा विचार कुणी केला नाही. गाण्याचं म्हणाल तर आपला हा मुलूख भाग्यवान. गदगच्या वीरेश्वर पुण्याश्रमात पंचाक्षरी गवई आणि त्यांच्यानंतर पुट्टराज गवई या दोन अंध गुरूंनी असंख्य अंध मुलांना संगीत शिकवून पोटापाण्याला लावलं. पुट्टराज गवई 2010 मध्ये गेले, पण त्यांच्या हाताखालची माणसं आजही शाळांत, मठांत, भजनी मंडळांत दिसतात. एखादी संस्था मनावर घेते तेव्हा काय होतं ते पाहायला गदगला जावं. मात्र अंध म्हटला की त्याला सूर असणारच, ही समजूत त्या मुलांवर अन्याय करणारी आहे. त्यातल्या कुणाला हिशेब आवडतो, कुणाला यंत्रं.

यंत्रांचा विषय निघाला की उद्यमबागेतले, म्हणजे बेळगावच्या औद्योगिक वसाहतीतले लोक नकारार्थी मान हलवतात: अंध माणूस आणि मशीन शॉप? भट्टीजवळ किंवा चालू लेथवर अंध माणसाला उभं करा असं मी म्हणणार नाही. पण त्याच शॉपमध्ये एक काम सतत चालू असतं, तयार भोकाचं माप तपासण्याचं. प्लग गेजची एक बाजू 'गो', दुसरी 'नो-गो'. गो बाजू भोकात अलगद उतरली पाहिजे, नो-गो तोंडाशीच अडली पाहिजे. उतरलं की अडलं हे सांगतो तो हात. गो बाजू लांब आणि नो-गो आखूड असते, त्यामुळे कुठलं टोक धरलंय तेही बोटांना कळतं. डोळस कामगारसुद्धा हे करताना बहुधा बघत नसतो, शेजाऱ्याशी बोलत असतो. बारीक चीर किंवा रंगातला फरक बोटांना सापडणार नाही, तेवढी तपासणी दुसऱ्याने करावी. तयार भागांची बोचरी धार घासून काढणं, नट-वॉशरचे संच लावणं, मोजून पाकिटं भरणं ही कामंही अशीच. उद्यमबाग, मच्छे, होनगा इथल्या एकेका कारखानदाराने एकेक माणूस सहा महिने ठेवून पाहावा. वाटा मोकळ्या ठेवायच्या, साहित्याची जागा रोज बदलायची नाही, पहिले पंधरा दिवस एखाद्या जुन्या कामगाराने सोबत करायची. याहून वेगळी तयारी लागत नाही.

पतसंस्थांबद्दल मला अधिक बोलायचं आहे, कारण त्या आपल्या आहेत. बेळगावात, खानापुरात, निपाणीत मराठी माणसाने उभ्या केलेल्या पतसंस्था आणि सहकारी बँका हा इथल्या मराठी समाजाचा कणा आहे. सरकारी नोकरीत भाषेमुळे मागे पडलेल्या कितीतरी मुलांना त्यांनीच आधार दिला. त्यांच्या काउंटरवर मराठी ऐकू येतं, भिंतीवर शिवाजी महाराज असतात. अशा संस्थांकडून मला जास्त अपेक्षा आहे. चालकांशी बोललं की पहिली शंका पैशाची येते: नोटा कोण मोजणार, चुकलं तर भरून कोण देणार? रोकड सोडून संस्थेत पुष्कळ काम असतं. ठेवीची मुदत संपल्याचे फोन, थकलेल्या हप्त्यांची आठवण, नव्या खात्याची माहिती, तक्रारी ऐकून त्यांची नोंद, पत्रं टाइप करणं. सरकारी बँकांत अंध कारकून आणि अधिकारी गेली कित्येक वर्षं स्क्रीन रीडर लावून हेच करत आहेत. दुसरी शंका असते ती सॉफ्टवेअरची, आणि ती खरी आहे. बऱ्याच छोट्या संस्थांचं सॉफ्टवेअर असं लिहिलेलं असतं की त्यातली बटणं आवाजाला सापडतच नाहीत. पण ते करून देणारा गावातलाच असतो आणि दरवर्षी देखभालीचे पैसे नेतो. पुढच्या करारात एक ओळ घाला: स्क्रीन रीडरवर चाललं पाहिजे. तिसरी शंका कुणी उघड बोलत नाही, ती म्हणजे ग्राहक काय म्हणतील. आपले ग्राहक कष्टकरी आहेत, शहापूर-वडगावचे विणकर, निपाणीच्या विड्या वळणाऱ्या बाया. कष्टाची कदर त्यांना शिकवावी लागत नाही.

अल्पदृष्टी माणसांचा तर वेगळाच कोंडमारा. त्यांना थोडं दिसतं, म्हणून अंधांत धरत नाहीत. पुरेसं दिसत नाही, म्हणून कामावर घेत नाहीत. सकाळी रस्त्याने नीट चालणारा माणूस संध्याकाळी चाचपडला की लोक म्हणतात, सोंग करतोय. अशा माणसाला मोठा मॉनिटर, जाड अक्षर आणि खिडकीकडे पाठ करून बसायची जागा एवढं दिलं तरी तो दिवसभर काम करतो.

सरकारकडे मागायचं तेही स्पष्ट मागावं. कर्नाटकात ग्रामपंचायतीला व्हीआरडब्ल्यू म्हणजे ग्राम पुनर्वसन कार्यकर्ते आहेत, तालुक्याला एमआरडब्ल्यू म्हणजे बहुउद्देशीय पुनर्वसन कार्यकर्ते आहेत. ते स्वतः अपंग असतात आणि तुटपुंज्या मानधनावर राबतात. गावात अंध किती, कोण किती शिकलं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं. त्यांचं काम दाखले आणि पेन्शनपुरतं न ठेवता त्यांना नोकरीचा दुवा करावं, आणि त्या कामाचं मोल द्यावं. महाराष्ट्राच्या सरकारी भरतीत, महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या सीमाभागातल्या 865 गावांतल्या मराठी भाषिक उमेदवारांना अर्ज करता येतो. त्यांत अंध उमेदवारही आले. बेळगावात निघालेला अपंगत्वाचा दाखला कायद्याने देशभर चालतो, तर महाराष्ट्राने आपल्या प्रत्येक जाहिरातीत हे स्वच्छ लिहावं, म्हणजे कोल्हापूर-सांगलीच्या टेबलावर कुणाला परत पाठवलं जाणार नाही. सीमाभागाबद्दलची माया दाखवायला भाषणापेक्षा ही एक ओळ बरी.

ऑगस्ट-सप्टेंबरात आपल्या पतसंस्थांच्या वार्षिक सभा होतात. लाभांश किती, हा प्रश्न विचारून झाला की सभासदांनी उभं राहून आणखी दोन प्रश्न विचारावेत. 2016 च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक आस्थापनेने समान संधीचं धोरण जाहीर करायचं असतं. वीस किंवा अधिक कर्मचारी असतील तर अपंगांना देता येण्यासारखी कामं कोणती तेही त्यात लिहायचं असतं. आपल्या संस्थेचं ते धोरण कुठे आहे? आणि पुढच्या भरतीची जाहिरात अंध उमेदवाराला स्वतः वाचता येईल अशी निघणार का? उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्यावीत.